बाबलीचं पोस्टाचं मत

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत बाबली गावस नावाचा शिपाई होता. सर्वण गावचा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्याबद्दल लिहावं असं कितीदा मनात आलं, पण लिहायला बसलो की त्याच्याआधी मीच कागदावर येऊन उभा राहतो आणि पेन खाली ठेवावंसं वाटतं. बाबलीची गोष्ट सांगायची तर मी काय केलं ते सांगावं लागतं. मी गुरुदास, मूळचा पेडण्याचा, त्याच कचेरीत निवडणुकीचं काम बघणारा कारकून. आज सांगून टाकतो. सत्तरी आली की माणसाची लाज कमी होते म्हणतात. माझी झालेली नाही.

बाबली माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तरी मी त्याला नुसतं बाबली म्हणायचो आणि तो मला गुरुदासबाब. कचेरीची रीतच तशी होती आणि ती मोडावी असं मला एकदाही वाटलं नाही. उंच, काटक माणूस. खाकी शर्टाच्या दोन्ही खिशांना बटणं, आणि ती कायम लावलेली. सकाळी येताना पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव घेऊन यायचा आणि अकराच्या चहाबरोबर सगळ्यांना वाटायचा. राजभाषेचा वाद पेटला तेव्हा आमच्या कचेरीत दोन तट पडले. मराठीवाले जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, कोंकणीवाले कपाटांकडे. एकमेकांकडे टाचणीसुद्धा मागायची नाही असा बाणा. मी मराठीवाल्यांत सगळ्यात मोठ्या आवाजाचा, आणि भांडायचो मात्र कोंकणीतून, कारण राग आला की तीच तोंडात यायची. बाबली दोन्हीकडे एकाच किटलीतला चहा ओतायचा. कुणीतरी त्याला डिवचलं, ‘‘बाबली, तूं खंयच्या वाटेन रे?’’ तर म्हणाला, ‘‘हांव चायेच्या.’’

मतपेटी बांधावी तर बाबलीनं. तेव्हा पत्र्याच्या पेट्या होत्या. तोंडाला कागदी पट्टी, वर तार, तारेवर लाख, लाखेवर शिक्का. नवे मास्तर केंद्राधिकारी म्हणून यायचे आणि पेटीपुढे गोंधळायचे. बाबली शांतपणे म्हणायचा, ‘‘सर, तुमी सयो करात, पेटी हांव पळयतां.’’ पोर्तुगीज गेल्यावर गोव्यात पहिली निवडणूक झाली त्रेसष्ट साली. बाबली त्याच वर्षी नोकरीला लागला होता. त्या निवडणुकीपासून एकही निवडणूक त्याच्या हातून सुटली नाही. आणि एकाही निवडणुकीत त्यानं मत दिलं नाही.

कारण साधं होतं. त्याचं नाव सर्वणच्या यादीत, आणि मतदानाच्या दिवशी तो कधी मांद्र्याच्या शाळेत, कधी सत्तरी तालुक्याच्या टोकाला, दुसऱ्यांच्या पेट्या राखत. सदुसष्टच्या जनमत कौलात तर अख्खा गोवा घराबाहेर पडला होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं लोकांनी. त्या दिवशीही बाबली पेडण्यात रांगेसमोर उभा राहून ‘‘एकामागसून एक येयात’’ म्हणत होता. त्याची बायको गंगा प्रत्येक वेळी मत देऊन यायची आणि त्याला चिडवायची, ‘‘पंगतीक वाडपी उपाशी!’’ तो हसायचा.

पण टपालानं मत देता येत होतं की! येत होतं. पहिल्यापासून येत होतं. निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्यानं मतदानाच्या निदान सात दिवस आधी बारा नंबरचा अर्ज भरून द्यायचा, आपला यादीतला क्रमांक लिहायचा, कामाचा हुकूम जोडायचा, की मतपत्रिका हातात मिळते किंवा घरी येते. मास्तर, बाई, ग्रामसेवक, कारकून, सगळे प्रशिक्षणाला यायचे आणि तिथे मी हे अर्ज वाटायचो. शिपाई प्रशिक्षणाला नसायचे. ते बाहेर चहा करत असायचे. त्यांना कुणी विचारलं नाही. कुणी म्हणजे मीच, दुसरं कोण? अर्जांचा गठ्ठा माझ्या खणात होता, बारा वर्षं होता, आणि बाबली रोज त्या खणावरची धूळ पुसत होता.

गोवा राज्य होऊन अडीच वर्षं झाली आणि राज्याची पहिली विधानसभा निवडणूक आली. लोकसभाही तेव्हाच होती, तिची मतपत्रिका वेगळी; पण आमच्याकडे जीव अडकला होता तो विधानसभेत, म्हणून तिचंच सांगतो. एके सकाळी कमलाक्षीबाई, जवळच्या मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, आपला अर्ज द्यायला आल्या. बाबलीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. बाईंनी सहज विचारलं, ‘‘बाबली, तुवें अर्ज दिलो मू?’’

‘‘कसलो अर्ज, बाई?’’

‘‘पोस्टाच्या मताचो. तूं ड्युटीचेर वता न्ही?’’

बाबलीनं माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मी शाईचा पॅड शोधायला लागलो. तो समोरच होता.

बाई गेल्यावर तो मेजाजवळ आला. ‘‘गुरुदासबाब, तें शिपायांकय मेळटा?’’

‘‘मेळटा रे. पूण खूब कागद आसतात. तुका खंय तो त्रास.’’ हे माझे शब्द. आज लिहिताना कान गरम होतात.

तो उभाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘फुडल्या वर्सा हांव रिटायर जातां. मागीर गांवांत मत घालूंक मेळटलें, तें खरें. पूण जगलों जाल्यार. मेलों काय यादयेंतलें नांव काडटले. एक फावट तरी माज्या नांवार मत पडूंक जाय मरे. नाजाल्यार हांव यादयेंत आशिल्लों कित्याक?’’

सव्वीस वर्षं पेट्या वाहिलेल्या माणसाला मरण्याआधी एकदा तरी आपल्या नावावर एक मत हवं होतं. मी खण उघडला. अर्ज वरच होता, शोधावाही लागला नाही.

अर्ज त्यानं स्वतः भरला. देवळाच्या सोप्यावर भटमामांनी चालवलेल्या शाळेत तो दोन यत्ता शिकला होता, अक्षर मोठं आणि सरळ. मतपत्रिका आली तेव्हा ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली. बरोबर एक छापील प्रतिज्ञापत्र, एक लहान पाकीट, एक मोठं पाकीट आणि सूचनांचा कागद. सूचना इंग्रजीत. तो म्हणाला, ‘‘आतां सांगात.’’

दुपारचा एक वाजला होता. मला भूक लागली होती आणि मी घाईत होतो. तरी सांगितलं मी सगळं, सांगितलं नाही असं नाही. प्रतिज्ञापत्रावर मतपत्रिकेचा क्रमांक लिहायचा आणि सही करायची, पण सही साहेबांसमोर करायची, कारण खाली साहेबांची साक्ष लागते. मतपत्रिकेवर खूण करायची ती एकट्यानं, कुणाला न दाखवता. मग फक्त मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते चिकटवायचं. प्रतिज्ञापत्र लहान पाकिटात घालायचं नाही, तिथेच मास्तरलोक चुकतात. लहान पाकीट आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात घालायचं, मोठं चिकटवायचं, मागे सही करायची, आणि मोजणी सुरू व्हायच्या आत पोचेल असं टाकायचं. तिकीट लागत नाही.

त्यानं सगळं पाठ म्हणून दाखवलं. मग म्हणाला, ‘‘खूण कशी करपाची ती एकूच फावट करून दाखयात. चुकूंक जायना.’’

मी एका जुन्या परिपत्रकाची पाठकोरी बाजू ओढली. आणि वर मधोमध लिहिलं: श्री. दोन बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा, खाली छोटीशी वेलांटीसारखी वळणदार रेघ. ही माझी सवय. माझे वडील पेडण्याच्या बाजारात दुकान चालवायचे. कोऱ्या कागदाला ‘श्री’ लिहिल्याशिवाय शाई लावली तर डोक्यात टपली मारायचे. त्यामुळे बाजाराची यादी असो की रजेचा अर्ज, माझा हात आधी तिथे जातो. लिहिलंय हे मला कळतही नाही. त्या दिवशीही कळलं नाही. खाली मी तीन चौकोन काढले, मधल्या चौकोनात फुली मारली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. ‘‘हें इतलेंच. दुसरें कांय करूंक ना.’’

‘‘इतलेंच?’’

‘‘इतलेंच.’’

त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नोकरीत त्यानं घेतलेल्या रजा बोटांवर मोजता येतील, त्यातली ही एक. सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तो आधी साहेबांसमोर प्रतिज्ञापत्र घेऊन उभा राहिला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद त्या मेजावर ठेवणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचा कागद ठेवत होता. साहेबांनी विचारलं, ‘‘कोणाचा?’’ तो म्हणाला, ‘‘माजो, साहेब.’’ मग तो सर्वणला घरी गेला. गंगेला त्यानं परसात पाठवलं आणि दार लावून घेतलं. तिनं नंतर मला सांगितलं, ‘‘हांव भायर उबी. म्हटलें, मत घालता काय मंत्र मारता!’’ पाकिटं त्यानं घरच्या भाताच्या खळीनं चिकटवली. त्यानं चिकटवलेलं पाकीट फाडल्याशिवाय उघडलं नसतं.

दुपारी तो कचेरीत आला. मी म्हटलं, ‘‘दी हांगा, हांवूच पेटयेंत घालतां.’’

‘‘ना बाब. पोस्टाचें मत पोस्टांतसूनच वचूंक जाय.’’ तो रस्ता ओलांडून पोस्टात गेला, पाकीट पेटीत टाकलं आणि पोस्टमन पेटी उघडायला येईपर्यंत तिथेच उभा राहिला. आम्ही जनेलातून बघून हसत होतो. त्या दिवशी मराठीवाले आणि कोंकणीवाले एकत्र हसले, हे मला चांगलं आठवतं.

मोजणीला टपालाची पाकिटं आधी घेतात. मी त्या टेबलावर होतो. आधी मोठी पाकिटं फोडून प्रतिज्ञापत्रं तपासली. तीन मास्तरांनी साक्षच घेतली नव्हती, ती तिथेच बाद. बाबलीचं प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा निवडणूक अधिकारी म्हणाले, ‘‘हे बघा. शिपायानं भरलंय, आणि मास्तरांपेक्षा नीट.’’ मला बरं वाटलं. शिकवलं कुणी, असं मनातल्या मनात म्हटलंही मी.

मग लहान पाकिटं एकत्र करून फोडली. आता कुणाचं कुठलं ते कुणालाच कळत नाही, तसंच असायला हवं. सात-आठ मतपत्रिका उलगडून झाल्या आणि एक उलगडली, तिच्यावर मधोमध, नावांच्या वर, निळ्या शाईत श्री. दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा, खाली वळणदार रेघ. अक्षर मोठं, सरळ. रेघ मात्र माझी.

एका उमेदवाराचा प्रतिनिधी लगेच उठला. ‘‘साहेब, ही खूण आसा. कोणें तरी थारावन केल्या.’’ फुली ज्याच्या नावापुढे होती त्या उमेदवाराच्या माणसानं खांदे उडवले. मतं हजारांनी मोजायची होती, एकासाठी कोण भांडणार? अधिकाऱ्यांनी नियम वाचला: मतदार ओळखता येईल अशी कोणतीही खूण वा लिखाण असेल तर मत बाद. त्यांनी मागे शेरा लिहिला आणि मतपत्रिका बादच्या खोक्यात टाकली.

कुणीतरी म्हणालं, ‘‘लग्नाची पत्रिका म्हणून भरली दिसता!’’ टेबल हसलं. मीही हसलो. नुसता हसलो नाही, वर म्हणालो, ‘‘कितलेंय सांगलें तरी अडाणी तो अडाणीच.’’

मी सांगू शकलो असतो. साहेब, ही खूण नव्हे, ही आमच्याकडची सवय आहे, माझ्या खिशात माझ्याच हाताची यादी आहे, तिच्यावरही हेच आहे, बघा. कदाचित ऐकलंही नसतं त्यांनी. पण बोललो असतो तर हे कुणी शिकवलं तेही विचारलं असतं. तालुक्याचा निवडणूक कारकून ‘मतपत्रिकेवर श्री लिहा’ असं शिकवतो! माझी नाचक्की झाली असती. ती टाळायला मी बाबलीला अडाणी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबली चहा घेऊन आला. किटली खाली ठेवली. ‘‘गुरुदासबाब, माजें पाकीट पाविल्लें मू?’’

‘‘पाविल्लें.’’

‘‘मोजलें?’’

एवढा साधा प्रश्न. ‘‘मोजलें’’ म्हणून मी कपातल्या चहाकडे बघितलं.

त्याचा उमेदवार पडला होता. त्याचं त्याला काही नव्हतं. त्यानं वर्तमानपत्र आणलं होतं, त्यात मतांचे आकडे होते. त्यानं पडलेल्या उमेदवाराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘पडलो तर पडूं. पूण ह्यांतलें निमाणें एक माजें.’’ निमाणें म्हणजे शेवटचं. ते बोट त्या आकड्यावर किती वेळ होतं कोण जाणे. मला वर बघवलं नाही.

पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात मी भाषण केलं. कर्तव्यदक्ष, निष्ठावान वगैरे सगळं बोललो आणि शेवटी ‘ज्यानं लोकशाहीची पेटी सव्वीस वर्षं राखली’ असंही म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबलीनं डोळे पुसले. निर्लज्जपणालाही काही सीमा असावी, पण माझ्यापाशी ती नव्हती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत पुन्हा लोकसभेची निवडणूक लागली. एक दिवस आमचा जीपवाला गौरेश माझ्याकडे बारा नंबरचे पाच अर्ज मागायला आला. त्याचा, कृष्णनाथ राखणदाराचा आणि आणखी तिघा शिपायांचा. मी म्हटलं, ‘‘तुमकां जमतलें?’’ तो म्हणाला, ‘‘बाबलीमामान शिकयलां. घरा आपोवन, एकएकट्याक. ताणें आपलें कशें मोजून आयलें तें सांगलें. तुमी दाखयिल्लो कागद अजून ताच्यापाशीं आसा.’’

इथे मी थांबतो जरा. कारण यापुढे मला काही कळलं नव्हतं असं म्हणता येत नाही. मला कळलं. त्याच क्षणी. गौरेश समोर उभा असताना मला तो पाठकोरा कागद डोळ्यांसमोर दिसला. ‘‘गौरेश, एक गजाल सांगतां, वयर कांय बरोवं नाका,’’ वर काही लिहू नका, एवढं म्हणायचं होतं. पण तो विचारणार, मामाचं कसं चाललं मग? आणि मग सगळंच बाहेर येणार. मी अर्ज मोजून त्याच्या हातात दिले. म्हटलं, सगळेच थोडेच लिहिणार आहेत.

सगळ्यांनी लिहिलं. मोजणी पणजीला होती आणि मी पुन्हा टपालाच्या टेबलावर. पाच मतपत्रिका, पाच श्री, आणि प्रत्येकाखाली माझ्या वडिलांच्या दुकानातली ती वळणदार रेघ. तीन एका पक्षाला, दोन दुसऱ्याला. बाबलीनं पढवलं होतं ते खूण कशी करायची एवढंच. कुणाला करायची ते नाही. या वेळी कुणी हसलं नाही. अधिकारी गंभीर झाले. ‘‘एकाच हातचं वळण पाच जणांना? हे पैसे देऊन फिरवलेल्या मतांचं लक्षण आहे. कुठल्या तालुक्यातली पाकिटं आहेत बघा. चौकशी करावी लागेल.’’ पाचही बाद झाली. चौकशी पुढे झाली नाही, चार दिवसांत सगळे विसरले. पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

म्हणूनच मी सर्वणला गेलो. पश्चात्तापानं गेलो असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल. मी भीतीनं गेलो. उद्या कुणी बाबलीला बोलावलं तर तो सरळ माझं नाव सांगणार, कागद पुढे करणार. तो कागद मला परत हवा होता.

रविवारची सकाळ होती. तो अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. गंगेनं पाणी आणलं. मी बसलो आणि सांगितलं. कागद मागायला गेलो होतो, पण बोलता बोलता सगळंच निघत गेलं, खण, भूक, श्री, अडाणी म्हटलेलं, मोजलं म्हणून सांगितलेलं. गंगा दारात उभी राहून ऐकत होती.

बाबलीनं सुपारी खाली ठेवली. ‘‘म्हणजे तेन्ना माजें मोजूंक ना?’’

‘‘ना.’’

‘‘तुमकां केन्ना कळ्ळें?’’

‘‘त्याच दिसा.’’

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, ‘‘आनी ह्या पांच जाणांचीं?’’

‘‘तींय बाद.’’

तेव्हा त्याचा चेहरा पडला. स्वतःचं मत गेलं हे ऐकताना पडला नव्हता, तो आता पडला. ‘‘तांकां हांवें शिकयलें,’’ तो म्हणाला. ‘‘माज्या उतरार, माज्या शब्दार केलें तांणी.’’ तो आत गेला, पांढरा शर्ट घालून बाहेर आला. तो जुना कागद त्यानं माझ्या हातात दिला, मी मागितला नसताना. म्हणाला, ‘‘स्कूटर हाडल्या मू? चलात.’’

‘‘खंय?’’

‘‘पांच घरां आसात.’’

मी म्हटलं, अरे झालं ते झालं, त्यांना सांगून काय मिळणार, उगाच त्यांच्या जिवाला लागणार. तो मागच्या सीटवर बसला होता. मी स्कूटर सुरू केली.

गौरेशच्या अंगणात मी स्कूटरवरच बसून राहिलो. बाबली दारात गेला. हाक मारली. गौरेश बाहेर आला, ‘‘मामा, येयात’’ म्हणाला. बाबली आत गेला नाही. त्यानं हात जोडले. आपल्या मुलाच्या वयाच्या माणसासमोर. ‘‘गौरेश, तुजें मत बाद जालें. वयर श्री बरोवंक नजो आशिल्लें. चूक माजी. हांवें चुकीचें शिकयलें तुका. माफ कर.’’

माझं नाव नाही. एक अक्षर नाही. गौरेश गोंधळून गेला, ‘‘मामा, हात कित्याक जोडटात’’ म्हणून त्याचे हात धरायला लागला. मी दहा पावलांवर होतो. उतरून ‘चूक माझी’ म्हणायला दहाच पावलं टाकायची होती.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या, चौथ्या घरी तेच. चौथ्या घरची बाई त्याच्यावर चिडली, तिचा नवरा पहिल्यांदाच मत देत होता आणि आठ दिवस आधीपासून सगळ्या वाड्याला सांगत सुटला होता. तिनं बाबलीला नको ते ऐकवलं. म्हातारपणी शाणपण कशाक शिकयता म्हणाली. बाबलीनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि ‘‘खरें बाये’’ एवढंच म्हणाला. दोन वर्षं मला एका माणसाला सांगायचं धैर्य झालं नव्हतं. त्यानं एका सकाळीत चौघांना सांगितलं, आणि तेही माझं पाप स्वतःच्या नावावर घेऊन.

शेवटचं घर कृष्णनाथ राखणदाराचं, डिचोली बाजाराच्या मागे. तो दारातच विडी ओढत बसला होता, त्यामुळे मला लांब थांबता आलं नाही. बाबलीनं सांगितलं, हात जोडले, माफी मागितली. कृष्णनाथ मुरलेला माणूस; आपलं मत श्रीपायी गेलं तर बाबलीचंही गेलं असणार हे त्यानं लगेच ताडलं. त्यानं बाबलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘गुरुदासबाब, तुमी तर मोजणेच्या टेबलार आसतात. ताचें पयलें मत गेलें तेन्ना तुमकां कळूंक ना?’’

बाबली माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता. मला सांगायची संधी कुणी ताटात वाढून दिली होती. खिशात तो कागद होता.

‘‘ना रे,’’ मी म्हणालो. ‘‘हांवेंय आयजूच आयकलें.’’

कृष्णनाथानं मान हलवली आणि विडी टाकली. बाबली तसाच उभा होता. मग तो वळला आणि रस्त्याला लागला. मी स्कूटर सुरू करून त्याच्या शेजारी नेली, म्हटलं, ‘‘बस, सर्वणाक सोडटां.’’

‘‘तुमी वचात,’’ तो म्हणाला. ‘‘हांव चलत वतां.’’

उन्हं वर आली होती आणि सर्वण तिथून चालत चांगलं लांब. मी त्याला दुसऱ्यांदा बस म्हटलं नाही. थोडं पुढे त्याला ओलांडून जावं लागलं असतं, म्हणून मी स्कूटर वळवली आणि बाजारातून, लांबच्या रस्त्यानं घरी आलो.